साडेसहाशे रुपयांत बारा धर्म: कार्डांच्या पेटीचा रिव्ह्यू

पारशी कार्ड हातात आलं की आमचा भाचा तोंड पाडून बसतो. कारण सरळ आहे, अनुयायांच्या रकान्यात ते कार्ड कुणालाच हरवू शकत नाही, त्यावर लिहिलंय सुमारे १ लाख, आणि समोरून पोरगी ख्रिस्ती कार्ड आपटते २३० कोटी आणि ओरडते मी जिंकलो (होय, आमच्या घरात पोरी जिंकलोच म्हणतात, कोल्हापूर आहे). परवा तर पठ्ठ्यानं पारशी कार्ड गुपचूप सोफ्याच्या फटीत सारलं आणि आम्ही अर्धा तास कार्डं मोजत बसलो, म्हटलं गेलं कुठं.

तर ही पेटी आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी दसरा चौकातल्या एका प्रदर्शनात घेतली. वरती 'जगातले धर्म, ओळख खेळातून' असलं काहीतरी लिहिलंय. किंमत ६४९, घासाघीस करून सहाशेला मागितली पण बाईंनी दिली नाही, एक कापडी पिशवी मात्र फुकट दिली. प्रकाशकाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोडं वाईटपण लिहिणार आहे आणि मला भांडण नको. पोरगी सहावीला आहे, शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एकेका धर्माचं पान-दीड पान येतंय आणि ती घरी येऊन प्रश्न विचारते, ज्यू म्हंजे कोण, ताओ म्हंजे काय, आणि मला सांगता येत नाही ही खरी गोष्ट. म्हणून घेतली.

आत काय काय आहे ते सांगतो. १२ धर्म, प्रत्येकाची ६ कार्डं म्हणजे ७२, वर ४ कोरी कार्डं, एक जगाचा नकाशा (घडीवर फाटायला आलाय आत्ताच), एक ४० पानी पुस्तिका आणि एक पुठ्ठ्याचं कॅलेंडर-चक्र, म्हणजे एकावर एक तीन चकत्या आणि मधे पिन. चक्राबद्दल नंतर सविस्तर लिहितो कारण पैसे वसूल होतात ते तिथंच. बारा धर्म म्हणजे हिंदू, जैन, बौद्ध, शीख, पारशी, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, ताओ आणि कन्फ्युशियस (दोन्ही चीनचे), शिंतो (जपानचा) आणि बहाई (इराणातनं आलेला). सहा कार्डांत एक मोठं ट्रम्प कार्ड, त्यावर अनुयायी, वय वगैरे आकडे, आणि बाकी पाच म्हणजे संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण, चिन्ह. ही पाच उलटी पसरून जोड्या लावायच्या. आम्ही लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं खेळायचो ना, तसंच हे, तिथं अंडरटेकर होता इथं येशू आहे. आईला हे अजिबात पटलं नाही पहिल्या दिवशी, म्हणाली देवाधर्माची पत्ते कुठं खेळतात व्हय. दुसऱ्या दिवशी तीच पहिली येऊन बसली.

क्वालिटी चांगली आहे. कार्ड जाड आहे, मॅट लॅमिनेशन, चहा सांडला तरी पुसून निघालं. चित्रं हातानं काढलेली आहेत, फोटो नाहीत, ते मला आवडलं. अक्षर मोठं, आईला चष्म्याशिवाय वाचता येतं.

आता भानगडी.

पहिली भानगड, पेटीत शिंतोचं प्रार्थनास्थळ कार्डच नव्हतं आणि शिखांचा गुरुद्वारा दोनदा होता. पेटीवरच्या नंबरला फोन केला, बाई अगदी गोड बोलल्या, पत्ता घेतला, आठवड्यानं कुरिअर आलं. उघडलं तर आणखी एक गुरुद्वारा. म्हणजे आता आमच्याकडे तीन गुरुद्वारे आहेत आणि शिंतो बिनदेवळाचा. परत फोन केला तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल म्हणाल्या, आता पुढची आवृत्ती मी विकत घेऊ होय?

दुसरी, वयाचा रकाना. ट्रम्प कार्डावर इस्लाम १४०० वर्षं, ख्रिस्ती २०००, शीख ५५० अशी साधी गणितं आहेत, गुरु नानकांचा जन्म १४६९ चा म्हणजे ते जुळतं. पारशी कार्डावर ३५०० आहे, तिथं भाच्याचा जीव जरा भांड्यात पडतो, पण पुस्तिकेत निदान लिहायला पाहिजे होतं की त्यांचा संस्थापक जरथुष्ट्राच्या काळावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही जण त्याला हजारभर वर्षं अलीकडं ओढतात. खरी मजा पुढं आहे. हिंदू कार्डावर वयाच्या जागी लिहिलंय 'अनादी'. बरं. पोरगीनं ते टाकलं आणि खुशीत हात पुढं केला, तर भाच्यानं जैन कार्ड टाकलं, त्यावरही 'अनादी'. आता कोण जिंकलं? नियमांच्या कागदावर अनादी विरुद्ध अनादी झालं तर काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. दोघं भांडली, मग आईनं निकाल दिला, दोघांनी आपापलं कार्ड परत घ्या आणि गप जेवायला बसा.

तसं बघितलं तर छापणाऱ्यानं चूक केली नाहीय, दोन्हीकडची श्रद्धा तीच आहे. पण मग त्याच जैन धर्माच्या संस्थापक कार्डावर 'भगवान महावीर' कसं काय लिहिलं? ही तिसरी भानगड आणि ही मोठी. आमचा एक जैन मित्र आहे जयसिंगपूरचा, शनिवारी आला होता, तो सूर्यास्ताआधी जेवतो म्हणून आम्ही साडेपाचलाच ताटं वाढली आणि नंतर त्याला खेळायला बसवलं. त्यानं ते कार्ड हातात घेतलं आणि हसायलाच लागला. म्हणाला अरे महावीर चोविसावे तीर्थंकर, त्यांच्या आधी तेवीस होऊन गेले, पहिले ऋषभदेव, आणि पार्श्वनाथ तेविसावे, मग महावीर संस्थापक कसे? आणि पुढं म्हणाला हे चित्र तर महावीरांचं पण नाही, पायाकडं बघ. बघितलं. मूर्तीच्या पायावरून वेली चढत मांड्यांपर्यंत आणि पुढं दंडापर्यंत गेल्यात. तो म्हणाला हा बाहुबली, उभ्या उभ्या तपाला बसला तर अंगावर वेली चढल्या, ऋषभदेवांचा मुलगा, तीर्थंकर पण नव्हे. चित्र श्रवणबेळगोळच्या मूर्तीवरनं काढलंय, दहाव्या शतकातली, ५७ फुटांच्या वर उंच, बारा वर्षांनी अभिषेक होतो, शेवटचा २०१८ ला झाला. आम्ही तर दरवर्षी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर सहलीला जाणारी माणसं, तिथली २८ फुटी मूर्ती डोळ्यासमोर आहे, तरी माझ्या एकदा पण लक्षात आलं नव्हतं. त्या वेली मी प्रत्येक वेळी बघितल्या असणार आणि डिझाइन समजून सोडून दिल्या असणार.

कोल्हापूर जिल्ह्यात विकायचं असेल तर जैनांचं कार्ड तरी नीट तपासा की राव. इकडं शिरोळ हातकणंगल्यात बरीच शेती जैनांची, कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, आणि हे आम्हाला बाहुबलीला महावीर म्हणून विकतायत.

चौथी, भाषा. पुस्तिका इंग्रजीवरनं उचलून मराठीत टाकलीय हे वास येतो तसं कळतं. ख्रिस्ती धर्माच्या पानावर 'पिता, पुत्र आणि पवित्र भूत' असं छापलंय. भूत! भाच्यानं दोन दिवस ख्रिस्ती कार्ड हातात घेतलं नाही. अहो पवित्र आत्मा म्हणतात, आपल्या इथल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मराठीत ख्रिस्ती लिखाण काल सुरू झालंय का, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलंय, चारशे वर्षं झाली. कोल्हापुरातच अमेरिकन मिशनवाले वाइल्डर १८५२ ला आले, त्यांच्या नावाचं चर्च अजून आहे. शब्द तयार आहेत, फक्त विचारायचं होतं. बाकी ख्रिस्ती पान तसं बरं आहे, झाडाच्या फांद्या काढून दाखवलंय की १०५४ ला पूर्व पश्चिम अशी फूट पडली, ऑर्थोडॉक्स वेगळे झाले, मग १५१७ ला मार्टिन ल्यूथर आणि तिथनं प्रोटेस्टंट. मला आधी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यात फरक काय ते खरंच ठाऊक नव्हतं, आता थोडं ठाऊक आहे.

इस्लामचं पान सगळ्यात नीटनेटकं. पाच स्तंभ, कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. जकात म्हणजे वर्षभर साठून राहिलेल्या पैशातला अडीच टक्के, हे पोरगीनं लगेच गणित करून बघितलं, माझ्या बचतीवर किती होईल, उत्तर फार लाजिरवाणं आलं. वरच्या मजल्यावरचे मामू आमच्याकडे चहाला आले की कार्डं बघतात, त्यांनी हे पान वाचून फक्त एवढंच म्हटलं की बरोबर आहे पण आपल्याकडचे पीर कुठायत यात.

आणि इथं मला या पेटीबद्दल जे खरं म्हणायचंय ते येतं. बाकी चुका दुरुस्त होतील, भूत जाऊन आत्मा येईल, पण ते पाच रकाने आहेत ना, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण, चिन्ह, ते मुळात एकाच मापानं शिवलेले कपडे आहेत. ख्रिस्ती आणि इस्लाम त्यात फिट्ट बसतात. शीख पण बसतात. बाकीच्यांना कुठं ढगळ होतंय कुठं आखूड. हिंदूंच्या संस्थापक कार्डावर नुसती आडवी रेघ आहे. ती रेघ बघून भाचा म्हणाला हे छापायचं राहिलंय. शिंतोच्या ग्रंथ कार्डावर जपानच्या जुन्या इतिहासकथांचं नाव टाकून वेळ मारून नेलीय. कन्फ्युशियसचं प्रार्थनास्थळ म्हणून एक देऊळ काढलंय पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की काही लोक याला धर्म मानत नाहीत, नीतीचा विचार मानतात. मग कार्ड कशाला काढलंत?

आईनं तर पहिल्याच दिवशी विचारलं, माझा ग्रंथ कुठला रे? कार्डावर वेद, उपनिषदं, गीता. ती म्हणाली वेद मी बघितले पण नाहीत. ती माघात रविवारी जोतिबाचे खेटे घालते, पायी, आत्ता गुडघे गेलेत म्हणून वाहनानं, तरी पायऱ्या चालतच. शुक्रवारी अंबाबाईला जाते. मंगळवारी उपवास. किरणोत्सवाला नोव्हेंबरात आणि जानेवारी अखेरीला गर्दीत उभी राहते, मावळतीचं ऊन देवीच्या पायांवरनं चढत तोंडापर्यंत जातंय का बघायला, ढग आला तर दिवसभर चिडचिड करते. तिचा सगळा धर्म चालण्यात आणि बघण्यात आहे, वाचण्यात नाही. तिनं हिंदू धर्माची सहाच्या सहा कार्डं उलटीपालटी केली आणि म्हणाली, जोतिबा कुठाय?

नाहीय. शेजारचे काका लिंगायत, त्यांनी चष्मा लावून शोधलं, बसवण्णांचं नाव पुस्तिकेत हिंदू धर्माच्या पानात अर्ध्या ओळीत सापडलं. काका तसे शांत माणूस आहेत पण म्हणाले, बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला एवढी उलथापालथ केली त्या माणसानं, गळ्यात इष्टलिंग दिलं म्हणजे देवळाची गरजच काढून टाकली, आणि ह्यांनी त्याला अर्ध्या ओळीत उरकला. लिंगायत स्वतंत्र धर्म की हिंदूंचा पंथ यावर काकांच्या स्वतःच्या घरात दोन मतं आहेत (२०१८ ला कर्नाटक सरकारनं वेगळ्या दर्जाची शिफारस केली तेव्हा काका आणि त्यांचा धाकटा भाऊ महिनाभर बोलत नव्हते म्हणे), पण अर्धी ओळ कमी आहे यावर दोघांचं एकमत झालं. ज्या गावात दसरा चौकात जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं शाहू महाराजांच्या काळापासून उभी आहेत, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं, आणि ज्या राजानं कुराण मराठीत यावं म्हणून पैसा खर्च केला, त्याच चौकात ही पेटी विकायला ठेवली होती. बनवणारा माणूस स्टॉलच्या बाहेर येऊन दहा मिनिटं फिरला असता तरी त्याला दहा कार्डं वाढवावी लागली असती.

बौद्ध पानाचा मला जास्त राग आला. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर सगळं आहे, थेरवाद महायान वज्रयान हे पंथ पण आहेत, आणि मग एक वाक्य की कालांतराने हा धर्म भारतातून जवळपास लोप पावला, आणि थेट जपान थायलंडचे फोटोसारखे चित्र. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ते काय होतं? २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. मराठीत पेटी काढता आणि बाबासाहेबांचं नाव नाही? माणगाव इथनं किती लांब आहे, १९२० च्या मार्चमध्ये तिथं बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले होते. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी बौद्ध आहे, त्याला पान दाखवलं तर त्यानं वाचलं, परत दिलं, आणि म्हणाला इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर केलं की आम्ही लोप पावतोच. परत कामाला लागला.

शीख पान उलट मस्त जमलंय, बहुतेक दुसऱ्या माणसानं लिहिलंय. गुरु ग्रंथसाहिब १४३० पानांचा, आणि त्यात आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. हे मी मोठ्यानं वाचलं तर आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली, हातात लाटणं. आपला नामदेव? पंढरपूरचा? तिथं कसा गेला? म्हटलं गेला, पंजाबात घुमान म्हणून गाव आहे तिथं त्यांचं स्थान आहे, २०१५ ला आपलं मराठी साहित्य संमेलन पण तिथं झालं होतं. नांदेडचा पण उल्लेख आहे, गुरु गोविंदसिंगांचा शेवट १७०८ ला तिथं झाला. तेव्हापासून आईच्या मते तीन गुरुद्वारे आले ते बरंच झालं.

शिंतोचं कार्ड नसल्यामुळं आम्ही ते पुस्तिकेत शोधून वाचलं आणि नशीब, नाहीतर वाचलंच नसतं. जपानमध्ये इसे नावाचं मोठं देवस्थान आहे, ते दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत हुबेहूब तसंच नवं बांधतात आणि जुनं उतरवतात. लाकडाचं सगळं. शेवटचं २०१३ ला बांधलं. म्हणजे देऊळ हजारावर वर्षं जुनं आणि लाकूड २०१३ चं. आता ट्रम्प कार्डावर याचं वय काय लिहायचं? पोरगी म्हणाली आपल्या आजीच्या गोधडीसारखं, तुकडे नवे आणि गोधडी तीच. याच्यावर मी काय बोलणार.

ताओ आणि बहाई पटकन वाचून झाले. बहाईंचं दिल्लीचं कमळ मंदिर, १९८६ चं, नऊ दारांचं, ते आम्ही सहलीत बाहेरनं बघितलंय, आत रांग मोठी होती.

ज्यू पानावर बायकोनं हरकत घेतली. ती अलिबागची. पानावर जेरुसलेम, तोरा हा ग्रंथ, हनुका हा सण, सगळं परदेशातलं, आणि भारताबद्दल 'काही ज्यू भारतातही आढळतात', जसं काही पक्षी आढळतात तसं. ती म्हणाली आमच्या गावात इस्रायल आळी आहे, तिथं सिनेगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, मागेन आबोथ, आणि ह्या लोकांना सगळे शनिवार तेली म्हणायचे. का, तर धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. नवस फेडायला मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू नबीचं नाव घ्यायचं. तिनं लहानपणी शेजारच्या मावशींकडचा खाल्लाय. पोरगी एकदम म्हणाली म्हंजे ज्यू लोक मराठी बोलत्यात? बोलतात की, पिढ्यान्पिढ्या. साडेसहाशेच्या पेटीत जे नव्हतं ते तिला आईकडनं पोह्यांच्या ताटात मिळालं, आणि त्या रविवारी आमच्याकडे सकाळच्या नाष्ट्याला मलिद्यासारखं काहीतरी झालं, छान लागतं, साखर जरा कमी घाला.

आता चक्र. ज्यासाठी मी म्हणतो घ्याच.

बाहेरच्या चकतीवर जानेवारी ते डिसेंबर. मधल्या चकतीवर चैत्र ते फाल्गुन. आतल्या छोट्या चकतीवर मोहरम, सफर, रमजान असे बारा हिजरी महिने. हिजरी वर्ष नुसतं चंद्रावर, ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरापेक्षा ११ दिवस कमी, म्हणून दरवर्षी आतली चकती ११ खाचा मागं सरकवायची. मधली पण चंद्राचीच, ती पण मागं सरकते, पण अडीच पावणेतीन वर्षांनी तिला एक अधिक महिन्याची चिकटपट्टी लावायची की ती परत जागेवर येते. बस्स. एवढंच. मी चाळीशीला आलो तरी मला कुणी सांगितलं नव्हतं की दिवाळी नेहमी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि ईद मात्र वर्षभर हिंडते ती या एका पट्टीमुळं. ज्यू लोक पण असाच महिना वाढवतात, १९ वर्षांत ७ वेळा. ईस्टरचा रविवार पण मार्चमधल्या दिवस-रात्र सारखे झाल्यानंतरच्या पौर्णिमेवरनं ठरतो. आई म्हणाली, म्हंजे त्यांचंबी पौर्णिमेवरच हाय होय.

मग पोरगीनं चक्र फिरवून शोधून काढलं की मोहरम आणि भाद्रपद एकावर एक कधी येतात. २०१८, २०१९, २०२०. बरोबर! आम्हाला आठवतंय की, एकाच तालमीत गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारी शेजारी, एकच मांडव. बाबूजमालला तर दर्ग्याच्या दारावरच गणपती कोरलाय, आणि तिकडं कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसवतात. मग तिनं ३३ वर्षं मागं फिरवलं, १९८५, ८६, ८७. आई म्हणाली तू पोटात होतास तवा, मोहरमच्या खत्तलरात्रीला एवढी गर्दी आणि इकडं गणपतीचा जागर, मला कुठं बाहेर सोडलं नव्हतं. वरचे मामू पण खाली आले, त्यांना पण ती सालं आठवत होती, दोघं अर्धा तास कुठल्या तालमीचा पंजा कुठल्या रस्त्यानं गेला यावर बोलत बसले. मग पोरगीनं ३३ पुढं फिरवलं, २०५१. माझ्याकडं बघून म्हणाली, पप्पा, तवा मी तुमच्याएवढा असणार.

मामूंच्या पिराला कार्डात रकाना नव्हता पण चकतीत जागा निघाली, असं मला वाटलं.

तर मार्क द्यायचे म्हणले तर पुस्तिकेला ५ पैकी २, कार्डांना ३, चक्राला ५. नुसतं चक्र वेगळं विकत मिळालं तर दीडशे रुपयांना मी चार घेईन वाटायला. सहावीच्या वरच्या पोरांना चालेल, खालच्यांना आकड्यांचा खेळ देऊ नका, कारण महिनाभर आमच्या भाच्याच्या डोक्यात जास्त माणसं म्हणजे भारी धर्म असं बसलं होतं. ते काढायला मी त्याला सांगितलं की जगात कुठलाच धर्म न मानणारे १९० कोटी आहेत, हिंदूंपेक्षा जास्त, तर तो म्हणाला मग त्यांचं कार्ड का नाही? मुद्दा बिनतोड आहे. आणि घेतलीत तर एकटे खेळू नका, घरात एक म्हातारं माणूस, एक शेजारी आणि शक्य असेल तर एक जयसिंगपूरचा मित्र जवळ असू द्या, चुका तेच काढतात.

कोरी चार कार्डं होती त्यातलं एक शिंतोच्या देवळाला गेलं, पोरगीनं स्केचपेननं काढलं, ओळखू येत नाही पण आहे. एक बायकोनं घेतलं, शनिवार तेली, चिन्हाच्या जागी घाणा. एक आईचं, जोतिबा, संस्थापक रिकामं, ग्रंथाच्या जागी 'चांगभलं', चिन्ह गुलाल, अनुयायी 'लई'. चौथ्यावर लिंगायत काका आणि भाच्याचे धर्म न मानणारे यांच्यात अजून मिटलेलं नाही, कार्ड फ्रिजवर लोहचुंबकाखाली अडकवून ठेवलंय.

एक राहिलं, चक्राची पिन हलकी आहे, आमची तिसऱ्याच आठवड्यात तुटली. प्रकाशकाला फोन करायचं धाडस झालं नाही, आणखी एक गुरुद्वारा यायचा. चप्पल लाइनला घेऊन गेलो, एका कारागिरानं चपलेला मारतात ती रिबीट मारून दिली, दहा रुपये घेतले, आणि परत देण्याआधी स्वतःच दोन वेळा फिरवून यंदा रमजान कुठल्या महिन्यात येतो ते बघून घेतलं.